रहाटाखालची माती

इंदूर, मंगळवार, चैत्र वद्य सप्तमी

हाताचा वास जात नाही. तीनदा साबण लावला.

विहिरीच्या रहाटाच्या खांबाला वाळवी लागली, म्हणून मिलमधून आणलेले डांबराचे तेल मी बुडाशी ओतले, चांगले डबाभर. आठ दिवसांत पाण्याला वास. मग तो वास मारायला त्याच मातीत रोज फिनेल ओतत बसलो. एवढी अक्कल कुठून सुचली मला?

आज पुतण्या वसंता आला. शेतकी कॉलेजात शिकवतो. माती हुंगून म्हणाला, "काका, असलं विषारी तेल खाऊन पचवणारे बारीक जंतू मातीतच असतात. हळूहळू तेच सगळं साफ करतात. तुम्ही फिनेल ओतून सफाईवाल्यांनाच मारलंत की." वर हसला.

मी विचारले, आता?

"माती खणून मोकळी करा, शेणखत मिसळा, ओल ठेवा. जंतू परत वाढतील. पण महिने लागतील. तोवर हे पाणी कोणी पिऊ नका."

महिने. आणि सूनबाईला सातवा लागला आहे.

संध्याकाळपर्यंत खुरप्याने माती उकरली, शेण कालवले. वास तसाच, हातालाही तोच. ते जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. जगले की मेले, मला कसे कळणार?

शेवटी सूनबाईला सांगितले, आजपासून गल्लीतल्या नळाचेच पाणी प्यायचे.

ती म्हणाली, "कडू लागत होतं, मामंजी. पण माझा माठ रोज तुम्ही स्वतः भरता, म्हणून बोलले नाही. पीत गेले."