हाताला कळणारी गाडी

मंगला गौरी, काशी
१७ नोव्हेंबर १९३५

प्रिय बकुळ,

गेले तीन आठवडे मला माझ्याच अंगाची किळस येते आहे. रोज पहाटे पंचगंगा घाटावर नेहमीपेक्षा दोन बुड्या जास्त मारतो, आणि पायऱ्या चढून घरी येईपर्यंत ती किळस पुन्हा अंगाला चिकटलेली असते. तू तिकडे नागपूरला मामाकडे सुखात अभ्यास करते आहेस, तुला हे कशाला लिहायचं, असं दहा वेळा मनात आलं. पण लिहिल्यावाचून सुटका नाही. शेवटपर्यंत वाच, मध्येच टाकून देऊ नकोस.

दिनानाथचं स्थळ आलं ते तुला ठाऊक आहे. मुलगा विलायतेहून इंजिनीयर होऊन आलेला, वडील वेणीमाधवराव सिगऱ्याचे नामांकित वकील. मी हुरळलो. वेणीमाधवरावांनी चांदीच्या डब्यातली सुपारी पुढे करत सांगितलं की हुंडा घेणारे मागासलेले लोक आम्ही नव्हे. मुलाला तिकडे मोटारीची सवय लागली आहे, तेव्हा एखादी लहानशी गाडी तुम्ही हौसेने दिलीत तर आम्ही नाही म्हणणार नाही. हुंड्याला अशी कल्हई केलेली मी प्रथमच पाहिली. मला तेव्हाच उठता आलं असतं. मी सुपारी तोंडात टाकली आणि गाडी कशी हवी ते विचारलं. तुला मात्र काहीच विचारलं नाही.

दिनानाथने चिठ्ठीच लिहून दिली. दोन आसनांची, कापडी टपाची, वळणावर न डुलणारी, आणि मुख्य म्हणजे स्टेअरिंग जिवंत असलेली. व्यापाऱ्यांच्या डबागाड्या मला दाखवू नका, असं खाली लिहिलं होतं. तीस वर्षं पाठशाळेत व्याकरण शिकवणाऱ्या मला त्यातलं काय कळणार? आपल्या गल्लीत तर सायकलसुद्धा हाताने धरून आणावी लागते. मी बिंदुमाधवला गाठलं. तोच तो, मुन्शी घाटाजवळच्या रईसाच्या कोठीत मोटार हाकणारा, तुझ्या लहानपणी तुला हॉर्न वाजवू देणारा.

खोटं कशाला बोलू, ते चार दिवस मला फार आवडले. बिंदुमाधव मला गोऱ्यांच्या छावणीत घेऊन गेला. पहिली गाडी त्याने स्टेअरिंगचं चाक दोनदा फिरवून सोडून दिली, म्हणाला पंडितजी, चाक एवढं ढिलं आहे की आपण वळायचं ठरवल्यावर गाडी विचार करत बसते. दुसरीचं चाक इतकं जड की नाव ओढल्यासारखं वाटे. मग रेल्वेतला एक साहेब मायदेशी परतणार होता, त्याची हिरवी दोन आसनी गाडी पाहिली. मडगार्डला पोचा होता, टपाला ठिगळ होतं, म्हणून ती आपल्या आवाक्यात होती. बिंदुमाधवने मला त्या चाकावर हात ठेवायला लावले आणि समजावलं की चांगल्या गाडीत खालचा खडा आधी तळहाताला कळतो, डोळ्याला नंतर. मुकी गाडी माणसाला गाफील ठेवते. मैदानात त्याने मला ती थोडी चालवूही दिली. पन्नाशी उलटलेला मी पोरासारखा हसत होतो. साहेबाकडून दोन दिवस वापरून पाहायला गाडी मागून घेतली.

धनत्रयोदशीच्या आदल्या सकाळी दिनानाथ ती पाहायला आला. बिंदुमाधवला मैदागिनच्या चौकात उतरवून तो मला शेजारी घेऊन निघाला. वरुणेचा पूल ओलांडून सारनाथच्या रस्त्याला लागल्यावर त्याने वेग वाढवला. माणसं, घोड्यांचे एक्के, शेळ्या बाजूला पळत होत्या, आणि त्याला त्याची मौज वाटत होती. एका वळणावर एक कुंभारीण डोक्यावर पणत्यांची टोपली घेऊन चालली होती. ती बाजूला झाली, बकुळ, मी शपथेवर सांगतो, ती पुरती बाजूला झाली होती. यानेच वळण तिच्याकडे घासत घेतलं. मडगार्डचा फटका बसून ती रस्त्याकडेला पडली. सगळ्या पणत्या फुटल्या.

तो थोडा पुढे जाऊन थांबला. मला वाटलं, मागे धावेल. तो खाली उतरला, वाकून मडगार्ड पाहिलं आणि मला म्हणाला, “रंग गेला नाही, नशीब. पण स्टेअरिंग काय सुरेख आहे बघा. तिला लागलं ते थेट हातात कळलं.”

हे तो हसत म्हणाला. मडगार्डवर लाल माती होती आणि थोडं रक्त होतं. मागे ती बाई दंड धरून कण्हत होती. आणि मी काय केलं? खाली उतरलो, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि ते मडगार्ड पुसलं. जावईबापूंची गाडी मळली होती ना. चांगलं चकचकीत होईपर्यंत पुसलं. मग गाडीत बसलो. तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. परतताना तो विलायतेतल्या रस्त्यांबद्दल बोलत होता आणि मी हो हो करत होतो.

संध्याकाळी उपरणं धुताना तुझ्या आईने डाग कसला म्हणून विचारलं. मी म्हणालो, गर्दीत कोणाची तरी पानाची पिंक उडाली. तिने ते उपरणं पाण्यात बुडवलं नाही, तसंच हातात धरून उभी राहिली. पिंक कशी असते हे काशीत जन्म गेलेल्या बाईला मी सांगत होतो. मग मी सगळं सांगून टाकलं, माझ्या पुसण्यासकट. ती ओरडली नाही. एवढंच विचारलं, “तिचं नाव काय?” मला ते ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, ऐन धनत्रयोदशीला, ती बिंदुमाधवला घेऊन त्या रस्त्यावर गेली आणि दारोदार विचारत त्या बाईला शोधून काढलं. लखरानी तिचं नाव. दंडाचं हाड मोडलं होतं, घरच्यांनी हळदीचा लेप लावून ठेवला होता. आईने तिला एक्क्यात घालून सरकारी इस्पितळात नेलं, हात बांधून होईपर्यंत बाकावर बसून राहिली. दिवाळीला आपल्या घरी ना फराळ झाला ना दिवे लागले. पाडव्याला ती मला म्हणाली, चला सिगऱ्याला. वेणीमाधवरावांच्या दिवाणखान्यात, जिथे बायका पडद्याआडून बोलतात, तिथे ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “माझी मुलगी या घरात येणार नाही. तुमच्या मुलाने पडलेल्या बाईकडे पाहिलं नाही, पत्र्याकडे पाहिलं.” वेणीमाधवराव माझ्याकडे पाहू लागले, की पंडितजी, आपलं काय म्हणणं? मी गालिच्याकडे पाहत राहिलो. शेवटी तीच उठली, आणि तिच्यामागोमाग मी. गाडी बिंदुमाधवने साहेबाला परत नेऊन दिली. ती कोणी घेतली मला माहीत नाही.

आता इथे गल्लीगल्लीत बोललं जातं की पंडितजींनी बड्या वकिलाच्या तोंडावर सोयरीक मोडली. एखादी बाई असं करेल हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. घाटावरचे पंडे मला वाकून नमस्कार करतात, ढुंढिराजशास्त्र्यांनी भर पाठशाळेत माझं उदाहरण दिलं. मी ते सगळं घेतलं. एकदाही तोंड उघडलं नाही. लखरानीच्या घरी आई दर दोन दिवसांनी जाते. मी अजून गेलेलो नाही, उद्या जाणार आहे. आणि परवा तुझं पत्र आलं. तुला लीलामावशीने कळवलं म्हणे. तू लिहिलं आहेस, तात्या, तुमच्या पोटी जन्मले याचा मला अभिमान वाटतो. ते वाचून मी भरल्या पाटावरून उठलो आणि घाटावर जाऊन पुन्हा बुड्या मारल्या. पोरी, ते पत्र मी सोबत परत पाठवतो आहे, कारण ते माझं नव्हे. तेच पुन्हा आईच्या नावाने लिही. तिला अक्षर येत नाही, तेव्हा तिला ते मलाच वाचून दाखवावं लागेल. मी दाखवीन. एकही शब्द गाळणार नाही.

तुझाच,
तात्या