माळावरची कळलावी

बाई,

तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, आणि मी आज लिहायला बसलेय. नांदूरघाट गावामागच्या माळावर तुम्ही आम्हा अकरावीच्या मुलींना नेलं होतं. श्रावण होता. दगडांच्या फटीत कळलावी फुललेली, खाली पिवळी, वर लाल, पाकळ्या उलट्या वळलेल्या. मी ती कंदासकट उपटून धावत तुमच्याकडे आणली. वाटलं, शाबासकी मिळेल. तुम्ही म्हणालात, "उपटलीस कावून? उन्हाळाभर मातीत जीव धरून होती ती." मग स्वतः गुडघ्यांवर बसून कंद परत लावलात, विषारी असतो म्हणून मला हात धुवायला लावलंत. एक फूल तेवढं वहीत दाबायला दिलंत. घरी आई ओरडली, "टाक ते भाईर! कळ लागंल घरात." मी वही कणगीमागं लपवली.

बारावीत माझं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही घरी आलात. "पोरगी हुशार आहे, बीएस्सी करू द्या. होस्टेलचं मी बघते." अप्पा चिडले नाहीत. "तिलाच इचारा," म्हणाले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे, सगळे माझ्याकडे बघतायत. "मला न्हाई शिकायचं, बाई." तुम्ही चहा अर्धा ठेवून उठलात.

तेलगावला नवऱ्याचा एसटीडी बूथ होता. तो आडतीवर जायचा, बूथवर मी. काच तापायची. कर्नाटकात ऊसतोडीला गेलेल्यांचे फोन यायचे, इथे त्यांच्या म्हाताऱ्या ताटकळत बसायच्या. सासूबाई बजावायच्या, "खुर्ची सोडायची न्हाई." उठावं म्हटलं की घंटी वाजायची. श्रावणात रस्त्यापलीकडचा माळ हिरवा झालेला खुर्चीतून दिसायचा. अकरा वर्षांत मी एकदाही तिकडे गेले नाही. तुमचा नंबर पाठ होता. एकदा लावलाही. "हॅलो, कोण?" तुम्ही दोनदा विचारलंत. मी ठेवून दिला. तुम्ही गेल्याचं कळलं तेही त्याच फोनवर.

परवा लेकीनं विचारलं, "आई, तू कावून न्हाई शिकलीस?" मी नेहमीचंच सांगितलं, आजोबांनी शिकू दिलं नाही. अप्पा आता नाहीत, खोडून काढायला. खरं असं आहे बाई, त्या दिवशी मला कुणीच अडवलं नव्हतं. मुलाकडच्यांनी सांगितलं होतं, घरात फोन आहे, रंगीत टीव्ही आहे, आणि मला ते लई आवडलं होतं. हा कागद लेकीच्या हाती लागायच्या आत चुलीत घालणार आहे.