अक्षता न वाहिलेला भुईआवळा

कात्रप, भाद्रपद शुद्ध नवमी, १९८९

मन ठिकाणावर नाही. प्रयोगशाळेत काम करणारी माझी पुतणी सुधा दुपारी आली. मी दिलेल्या भुईआवळ्याच्या अर्काने काचेच्या नळीत काविळीचा विषाणू रोखला, म्हणाली. मी हात जोडले. आदल्या संध्याकाळी अक्षता वाहून, वनस्पतीला निमंत्रण देऊन, पहाटे मौनाने उपटलेली ती जुडी होती.

"पण काका, बाजारातल्या जुडीनेही तेवढाच रोखला. तिला कुणी अक्षता वाहिल्या होत्या?"

मग चाळीस वर्षे काविळीचे औषध देताना मी कोणाला आळवीत होतो?

"आणि नळी म्हणजे माणूस नव्हे हं. तुमच्या त्या चामटोलीच्या गंगारामला आधी डॉक्टरकडे धाडा."

गंगाराम उद्या पहाटे रसासाठी येणार. डोळे हळदीसारखे पिवळे, आणि श्रद्धा सगळी माझ्यावर. माझी कशावर आहे, हे आज सांगता येत नाही.

दिवेलागणीला सवयीने अंगणात गेलो, रोपापाशी अक्षता वाहिल्या. निमंत्रणाचा मंत्र ओठांवर येईना. एवढेच म्हणालो, उद्या गंगारामला मी स्वतः रुग्णालयात नेतो. तू तूर्त आपल्या जागी राहा.