एक पत्रिका कमी भरेल

तेजू,

पत्रिका मोजशील तेव्हा एक कमी भरेल. घर डोक्यावर घेऊ नकोस, मी नेली आहे. लग्नाची पहिली पत्रिका देवीला द्यायची असते, कात्री-गोंदाच्या पसाऱ्यात तुम्हा मायलेकींना त्याची आठवण राहिली नाही. वणीच्या गडावर चाललोय, जेवायला थांबू नका.

बिनॉयच्या आईने केरळहून पाठवलेली पांढरी साडी काल फॉल-पिकोला टाकली. शनिवारी मिळेल, पावती फ्रीजवर आहे. मंडपात मामाची पिवळी नेस आणि चर्चमध्ये ही. लग्नात पांढरं चालणार नाही असं मी म्हणालो होतो, ते आता राहू दे. बिनॉयसाठी तयार फेटा आणू नकोस, तो टोपीसारखा दिसतो. मी बांधून देईन.

पत्रिकांवर चिकटवलेली द्राक्षाची पानं आपल्याच दिंडोरीच्या बागेतली दिसतात. मला विचारलं असतंस तर फवारणीआधी तोडून दिली असती. हात धुऊन जेवत जा.

निमंत्रक म्हणून खाली फक्त आईचं नाव आहे. माझं घालायचं नाही असं मीच बजावलं होतं. तरी तिच्या नावाच्या वर तू एक ओळ मोकळी सोडलीस, ते आज दिसलं. देवीपुढे तशी अर्धी पत्रिका ठेवायला बरं वाटेना, म्हणून पेनने माझं नाव लिहिलं. जरा वाकडं आलंय. उरलेल्या एकोणसाठ पत्रिकांवर तू लिही, तुझं अक्षर चांगलं आहे.

पप्पा