बँडमास्तरांच्या कोटाची बाही

आदरणीय दादा,

धाकट्या मेहुण्याचा मनापासून नमस्कार. गुडघा कसा आहे? टाके काढले का? (काढताना तिकडे बघू नका. मी जन्मभर टाके घालतो आणि उसवतो, पण स्वतःच्या बोटाचे काढले तेव्हा मला भोवळ आली होती.) डॉक्टर चाला म्हणत असतील, पण घाई करू नका. नवा गुडघा नव्या कोटासारखा असतो, अंगाला बसायला वेळ घेतो. तुमची बहीण तिथे आहे, तिला हवं तितकं ठेवून घ्या. इकडे सगळं उत्तम आहे. जेवण वेळेवर होतं, दुकान वेळेवर उघडतं, आणि घरात कसला म्हणून आवाज नाही.

तुम्ही पडलात एकटा जीव सदाशिव, तेव्हा नवराबायकोचं भांडण म्हणजे काय ते तुम्हाला जरा सविस्तर सांगायला हवं. आमचं दुकान पुढे, घर मागे आणि मध्ये एक पडदा. मी कापड बेततो, ती शिवते. मी टेबलावर कापड पसरलं की ती पडद्याआडून, मशीन न थांबवता म्हणायची, "बाही लांब ठेवताय." न बघता, बरं का. मी म्हणायचो, लांब कापलेलं आखूड करता येतं, आखूड कापलेलं लांब करून दाखव. इथून सुरुवात व्हायची ती माझ्या थोरल्या काकांच्या स्वभावापर्यंत जाऊन पोचायची. मग मी कापायचो माझ्या मनाने, चार बोटं लांब. ती दुमडायची तिच्या मनाने, चार बोटं. आणि बाही गिऱ्हाइकाला अशी चोख बसायची की तो आमच्या एकजुटीचं कौतुक करत जायचा. शेजारचा चष्मेवाला तर दुपारचा चहा आमच्याच बाकावर येऊन घ्यायचा. त्याच्याकडे करमणुकीचं दुसरं साधन नव्हतं.

पण सुट्टीला आलेल्या आमच्या लेकीला हे बघवेना. तुम्ही एकमेकांचं ऐकतच नाही, असं तिने निदान केलं, आणि लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून तिने आम्हाला एका समुपदेशक बाईंची वेळ घेऊन दिली. (लोकांची मुलं मिक्सर देतात.)

बाई फार सज्जन. त्यांनी आम्हाला समोरासमोर बसवलं आणि सांगितलं की "तुम्ही नेहमी" आणि "तू कधीच" अशी वाक्याची सुरुवात करायची नाही. (सुरुवातच काढून घेतल्यावर माणूस बोलणार काय?) "मला असं वाटतं" असं म्हणायचं. उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने परत सांगायचं. आणि एका वेळी एकानेच बोलायचं. त्यासाठी हातात काहीतरी खूण ठेवायची. आम्ही माझा मापाचा टेप ठरवला. ज्याच्या गळ्यात टेप, त्याचं बोलणं. तो मी तिच्या गळ्यात घातला तेव्हा लग्नात लाजलो नव्हतो इतका लाजलो. शेवटी बाई म्हणाल्या, भांडण ज्या गोष्टीवरून होतं त्या गोष्टीबद्दल ते क्वचितच असतं. मला वाटलं, आमचं बाहीवरून होतं आणि बाहीबद्दलच असतं. पण टेप तिच्या गळ्यात होता.

दादा, औषध लागू पडलं. इतकं लागू पडलं की चष्मेवाला आपला कप घेऊन आपल्या दुकानात बसायला लागला. आमच्याकडे "मला असं वाटतं की पंखा कमी करावा", "तुला असं वाटतं की पंखा कमी करावा हे मला समजलं", असा कारभार सुरू झाला. पंखा कमी होईपर्यंत दोघांनाही घाम सुटलेला असायचा. पुढे पुढे टेप काढा-घालायचा कंटाळा येऊन आम्ही बोलणंच कमी केलं. लेकीने फोनवर विचारलं, भांडणं होतात का? आम्ही दोघांनी एका सुरात नाही म्हणून सांगितलं. ती खूश झाली.

अशात बँडमास्तर लाल कोट शिवायला टाकून गेले. मोठा कार्यक्रम, नवा कोट, सोनेरी गोंडे. कापड पसरलं आणि माझ्या मनात आलं की इतकी वर्षं ही लांब लांब म्हणतेय, आज एकदा तिच्या मनासारखं होऊ दे. मी चार बोटं कमी करून कापलं आणि काही बोललो नाही. बोललो असतो तर उपकार केल्यासारखं झालं असतं. ती शिवायला बसली. माझी बाही चार बोटं लांब असणार, हे तिला डोळे मिटून ठाऊक. एरवी तिने ते बोलून दाखवलं असतं. पण उगाच शब्दाने शब्द कशाला वाढवा म्हणून तिने मुकाट्याने चार बोटं दुमडली, जास्तीचं कापड कापून टाकलं आणि अस्तर लावून मोकळी झाली. बँडमास्तरांनी कोट घालून आरशासमोर काठी उंचावली तेव्हा बाह्या कोपराच्या दिशेने निघाल्या. ते बराच वेळ तसेच हात वर करून उभे राहिले. शरण आलेल्या माणसासारखे दिसत होते.

ते गेल्यावर मी म्हणालो, मला असं वाटतं की बाह्या आखूड झाल्या. ती म्हणाली, तुम्हाला असं वाटतं हे मला समजलं. आणि टेप घडी करून टेबलावर ठेवला. मला त्या घडीची भीती वाटली, दादा. दुसऱ्या दिवशी तुमच्या शस्त्रक्रियेचा निरोप आला आणि ती बॅग भरून निघाली. मी तिची छत्री द्यायला विसरलो, तरी एक शब्द बोलली नाही.

आता रोज संध्याकाळी फोन येतो. जेवलात का? जेवलो. बरं. एवढंच. तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना, असं लोक हसत म्हणतात. आमचं तर आता जमतंय, तरी करमत नाही. परवा मी टेबलावर कापड पसरलं आणि मुद्दाम मोठ्याने म्हणालो, "बाही लांब ठेवतोय हं." पडदा वाऱ्याने हलला. मशीनपुढच्या स्टुलावर तिची उशी तशीच आहे. मी तिथे बसून पाहिलं. तिथून टेबल दिसत नाही, पण कापड पसरल्याचा आवाज नीट ऐकू येत असणार. त्या आवाजावरून ती माझी कापायची वेळ ओळखत होती, आणि मला वाटायचं ती आपलं काम करतेय.

त्या बाईंचं म्हणणं मला आत्ता कळायला लागलंय. मी एकदा तिच्या मनासारखं केलं, पण तिला विचारलं नाही. कापायच्या आधी विचारा, एवढंच ती इतकी वर्षं पडद्याआडून ओरडत होती. मी ऐकत होतो ते फक्त बाहीबद्दल.

असो. पत्र लांबलं. (लांब ठेवायची सवय.) औषधं वेळेवर घ्या, जिना चढू नका, आणि मला काही कमी नाही हे तिला आवर्जून सांगा.

तुमचा,
मेहुणा

ता. क. बँडमास्तर भले माणूस, थांबायला तयार आहेत. उरलेल्या कापडात बाह्यांची एकच जोडी निघते, म्हणून मी खडूची रेघही ओढलेली नाही. बाही किती ठेवायची, एवढं तिला विचाराल का? माझं नाव घेऊन विचारा.

ता. क. २. "त्यांना योग्य वाटेल तेवढी ठेवू दे" असं ती म्हणाली, तर मला कळवू नका. पण "एवढी वर्षं झाली तरी यांना साधी बाही कळत नाही" असं सुरू झालं, तर तिला थांबवू नका. मला फोन लावा, तिच्याजवळ ठेवा आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत जा.

ता. क. ३. दुसऱ्या खोलीत जायचं म्हणजे तुम्हाला चालता यायला हवं. गुडघ्याची घाई करू नका असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. तिला हवं तितकं ठेवून घ्या, हेही. दादा, उठा आणि चालायला लागा.