शिवपुरीच्या तळ्यासाठी अर्ज

छत्रीबाग, इंदूर
मंगळवार, १८ एप्रिल १९६१

शिवपुरीहून उत्तर आलं. तिथल्या जंगलात, तळ्याकाठच्या डाकबंगल्यात खोली मिळाली, पण दिवाळीनंतरची. मी मे महिन्यातली मागितली होती.

चूक माझीच. अर्जाच्या शेवटी मीच लिहिलं होतं, ‘सरकारची गैरसोय होत असल्यास पुढची कोणतीही तारीख चालेल.’ का लिहिलं? कोणी विचारलं होतं? वडील दरबारात कारकून होते, त्यांचीच ही सवय. काही मागायचं तर आधी दोन पावलं मागे सरकायचं. कचेरीत मी लोकांचे अर्जसुद्धा असेच लिहून देत आलो.

सुमनला पुढची तारीख नाही. परवा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “बरसात निघून गेली तरी बहुत समजा.” तिला हे माहीत नाही, असं मी धरून चाललो होतो.

तिने थर्मास घासून खिडकीत उपडा ठेवला होता. नावेत बसून चहा प्यायचा म्हणे.

पत्र वाचून दाखवलं तेव्हा ती थर्मासकडेच बघत होती. मग म्हणाली, “अहो, परत लिहा. पण एकदम साफ लिहा, की दिवाळीपर्यंत बायको राहणार नाही.”

म्हणजे तिला सगळं माहीत आहे. कधीपासून?

तिच्यासमोरच लिहायला बसलो. ‘पत्नी अत्यंत आजारी आहे, खोली मे महिन्यातच मिळावी’ इथवर आलो, आणि हाताने पुढे आपोआप लिहिलं, ‘शक्य असल्यास.’

तिने वाचलं. खिडकीतला थर्मास उचलून फळीवर ठेवून दिला.