वॉशिंग मशीनचा सुटा भाग, सोबत जोडला आहे

वाईतोआ, सवाईई बेट
पांढऱ्या रविवारानंतरचा सोमवार

आदरणीय मकेरिताताईस,

तुझा धाकटा भाऊ फिलेमोनी याचा वाकून नमस्कार. देवाच्या कृपेने इकडे सर्व ठीक आहे (पेसामिनोचा अंगठा सोडून, तो पुढे येईल). तुझा गुडघा कसा आहे? ऑकलंडच्या थंडीत तो धरतो असं ऐकून खोबरेल पाठवलं होतं, ते मिळालं असेल. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लुसिया पंधरा दिवसांपासून माहेरी आहे. तिच्या आईचा पाय मोडला, आणि मोडल्या पायानिशी सासूबाई डुकरांना खायला घालायला उठतात, म्हणून त्यांना धरून ठेवायला घरातलं कोणीतरी लागतं. त्यामुळे घराचा कारभार सध्या माझ्याकडे आहे. एरवी आपण फोनवर बोलतो, पण फोनमधून वस्तू पाठवता येत नाही. ती सोबत जोडली आहे. तिची हकिगत सविस्तर लिहितो.

तू ऑगस्टमध्ये येऊन गेलीस, तेव्हापासून तू दिलेलं कपडे धुण्याचं मशीन दाढ दुखत असल्यासारखं कण्हत होतं. मी लुसियाला म्हटलंही, की जिनं पाठवलं तिची आठवण येत असेल त्याला. आवाज कुठून येतो ते बघायला हवं होतं, पण मशीन परसदारी आहे, आणि तू होतीस ते आठ दिवस मी परसात पाऊल टाकलं नव्हतं, कारण तिथे दोरीवर तुझे कपडे होते. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. बहिणीच्या कपड्यांकडे भावानं बघायचं नाही, आपल्या वडिलांनी आपल्याला तसंच वाढवलं. टीव्हीवर नवरा-बायको जरा जवळ सरकले, की घरात कोणाची बहीण आहे का हे न बघता मी आजही उठतो आणि बाहेर जाऊन पपईला पाणी घालतो. (ती पपई कुजली. हल्लीच्या मालिकांमध्ये फारच जवळ सरकतात.) तर ती सवय तू गेल्यावरही काही दिवस राहिली आणि कण्हण्याकडे दुर्लक्ष झालं. ही चूक माझी.

शुक्रवारी सकाळी पाद्रीणबाई स्वतः एकोणीस पांढरे कपडे घेऊन आल्या. रविवारी पांढऱ्या कपड्यांत चर्चमध्ये उभं राहून म्हणायची वचनं पोरांना पाठ होती, कपडे मात्र धुवायचे होते, आणि चालू मशीन गावात आपलंच. मी निम्मे कपडे आत घातले, साबण घातला, बटण दाबलं. मशीन चार वेळा फिरलं, घशात काटा अडकल्यासारखा आवाज केला आणि पाण्यासकट थांबलं. दार उघडेना, पाणी उतरेना. काचेच्या खिडकीतून नऊ-दहा सदरे माझ्याकडे बघत होते. तुला आठवत असेल, आपला चुलतभाऊ लहानपणी एका पांढऱ्या रविवारी खाकी चड्डीत उभा राहिला होता. आता तो आजोबा झालाय, तरी गाव त्याला खाकीच म्हणतं. एका आठवड्यात दहा खाकी गावाला परवडले नसते.

आणि दुसरं म्हणजे मशीन तुझं. बहिणीनं दिलेली वस्तू भावाच्या हातून मोडावी, यापेक्षा त्या भावाला भरतीच्या वेळी होडीशिवाय समुद्रात सोडलेलं बरं. मला मनापासून भीती वाटली, ताई. नाताळात तू येणार, आणि मी कोणत्या तोंडानं तुझ्यासमोर बसणार. शुक्रवारी मी दुपारी जेवलो नाही. (चार वाजता थोडा उकडलेला तारोचा कंद खाल्ला.)

मग पेसामिनोला बोलावलं. आपला हा मावसभाऊ अकरा वर्षं ऑकलंडच्या लाँड्रीत होता, हे सगळ्या गावाला माहीत आहे. तो तिथे कपड्यांची गाडी चालवायचा, हे मला शनिवारी कळलं. त्यानं आधी मशीनला कान लावला. मग एक चापट मारली आणि परत कान लावला. पहिलं निदान असं, की याला न्यूझीलंडच्या पाण्याची सवय आहे, आपलं पाणी त्याला बाधलं. दुसरं निदान असं, की जमीन सपाट नाही. म्हणून आम्ही एका बाजूला दगड सारला, आणि मशीन पेसामिनोच्या अंगठ्यावर बसलं. त्यानंतरचं निदान त्यानं दगडावर बसून, पाय बादलीत ठेवून केलं, आणि मला वाटतं त्यामुळेच ते बरोबर आलं. खालच्या कोपऱ्यात एक छोटं झाकण आहे, ते उघड म्हणाला.

झाकण उघडल्यावर सगळं पाणी बाहेर आलं. त्यासोबत दोन बटणं, एक मासे धरायचा गळ आणि सोबत जोडलेला भाग.

तू बघशीलच, पण तरी लिहितो. वीतभर लांबीची, चपटी, चंद्रकोरीसारखी वाकवलेली पोलादी तार आहे, आणि दोन्ही टोकांना इवलीशी पांढरी टोपणं. काम इतकं नाजूक आहे की हातात धरून बरं वाटतं. पेसामिनो म्हणाला, "फिले, ही मुख्य स्प्रिंग आहे. हिच्यावरच सगळा तोल असतो."

आता आश्चर्य असं, की हा भाग बाहेर काढल्यावर मशीन न कण्हता छान चालू झालं. मी आनंदानं पाद्रीणबाईंना निरोप पाठवणार होतो, पण पेसामिनोनं अडवलं. "खांब काढला की छप्पर लगेच पडत नाही, फिले. आपण खाली निजलो की पडतं." मला पटलं. भाग परत आत बसवला. मशीन बंद पडलं. काढला, चालू झालं. पुन्हा बसवला, पुन्हा बंद. असं तीन वेळा केल्यावर निष्कर्ष निघाला, की भाग झिजलाय आणि नवा आणावा लागेल.

पाद्रीबुवाही येऊन बघून गेले. त्यांनी भाग पट्टीनं मोजला आणि म्हणाले, "असा बाक असलेली वस्तू एकटी नसते. हिची जोडी असणार, फिलेमोनी. दुसरी शोधा." (विद्वान माणूस. आमच्या कोणाच्या डोक्यात हे आलं नव्हतं.) पाद्रीणबाईंना दाखवला, तर त्यांनी एकदा बघितलं, मग फणसाच्या झाडाकडे बघितलं, आणि चुलीवर काही राहिलंय म्हणून निघून गेल्या. शेजारच्या दोघी म्हाताऱ्यांचंही चुलीवर काहीतरी राहिलं होतं. बायकांना यंत्रात गोडी नसते, ताई, याला माझा इलाज नाही.

शेवटी शनिवारी धोका पत्करून त्या भागाशिवायच मशीन चालवलं. मी डावीकडून, पेसामिनो उजवीकडून आणि पाद्रीबुवा वरून, असं तिघांनी मेजवानीचं डुक्कर धरावं तसं त्याला धरून ठेवलं. कपडे पांढरेशुभ्र निघाले. रविवारी एकोणीस पोरांनी एकोणीस वचनं म्हटली, एक जण तेवढा मधेच आईला हाक मारून रडला. पाद्रीबुवांनी प्रवचनात सांगितलं, की अंगातला लहानसा अवयवही झाकलेला असतो म्हणून कमी मोलाचा नसतो, आणि दाखल्यादाखल तो भाग वर धरून दाखवला. त्या वेळी बायकांच्या बाकांवर एकदम सगळ्यांना खोकला झाला. साथ असावी.

तर विनंती अशी, की ऑकलंडच्या एखाद्या चांगल्या दुकानात दाखवून याची नवी जोडी घ्यावी. तोवर मशीन आम्ही जपून चालवतो. उद्या पाद्रीबुवा तिकडे सभेला येताहेत. भाग वाकू नये म्हणून त्यांनी तो आपल्या भजनांच्या पुस्तकात ठेवायचं कबूल केलं आहे. तुझी भेट मी मोडली नाही, दुरुस्त केली, हे तुला माझ्याकडूनच कळावं अशी इच्छा होती.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
फिलेमोनी

ता. क. लुसिया आत्ता दुपारी परत आली. पाकीट बंद करण्याआधी तिनं पत्र वाचलं. मग ती परसात गेली आणि बराच वेळ आली नाही. मला वाटलं सासूबाईंची काळजी असेल. परत आल्यावर तिनं डोळे पुसून एकच शब्द उच्चारला. तो मी इथे लिहू शकत नाही, कारण तू माझी बहीण आहेस. लिहिण्यापुरती जागा मोकळी सोडतो:

ता. क. २. लुसिया म्हणते, तिच्याकडे तारेचे नसतात, तारेचे ऑकलंडची माणसं वापरतात. घरात ऑगस्टपासून ऑकलंडचं कोण येऊन गेलं याचा विचार मी केलेला नाही. तूही करू नये.

ता. क. ३. (मंगळवार.) पत्र फाडणार होतो, पण उपयोग नाही. पेसामिनोनं शुक्रवारीच त्या भागाचा फोटो ऑकलंडच्या आपल्या चौघा भावांना पाठवला. ते सहा दुकानं फिरले. एका दुकानातली मुलगी हसली, तर ती उद्धट आहे म्हणून त्यांनी मालकाकडे तक्रार केली. येत्या शनिवारी ते तुझं मशीन उघडून त्यातला भाग मोजायला तुझ्याच घरी येताहेत. ते तुझे भाऊ, म्हणून त्यांना तू काही सांगू शकत नाहीस, मीही नाही. भावोजी कोणाचेच भाऊ नाहीत, त्यांच्याकरवी सांग. भाग मी पुस्तकातून काढून घ्यायला गेलो होतो, पण पाद्रीबुवा सकाळच्याच बोटीनं गेले आणि पत्र आता तिकडे निघालेला पेसामिनोचा शेजारी नेतो आहे.

ता. क. ४. ताई, नाताळात तुझं ताट मला स्वतः वाढायचं आहे, आणि मान वर करून वाढायचं आहे. म्हणून एवढंच कर. हे पत्र तुला मिळालंच नाही, असं मला उलट टपाली कळव.